सांगण्याची सक्ती : अमेरिकी राज्यांचे कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायदे आणि त्यांची पूर्वपीठिका

प्रस्तावना

२९ सप्टेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेविषयीचे एक विधेयक फेटाळले. बरोबर एक वर्षाने, २९ सप्टेंबर २०२५ रोजी, याच गव्हर्नरांनी त्याच विषयावरच्या दुसऱ्या विधेयकावर सही केली. दोन्ही विधेयके मांडणारे सदस्यही एकच होते : सॅन फ्रान्सिस्कोचे राज्य सिनेटर स्कॉट वीनर. मग मधल्या वर्षात बदलले काय?

थोडक्यात उत्तर असे : पहिले विधेयक कंपन्यांना 'धोका टाळा, नाहीतर जबाबदार धरू' असे बजावत होते, दुसरे 'धोका कसा टाळणार ते लिहून जाहीर करा आणि लिहिल्याप्रमाणे वागा' असे सांगते. पहिल्यात भर उत्तरदायित्वावर होता, दुसऱ्यात तो पारदर्शकतेवर आहे. माहिती जाहीर करायला लावणे हे कायद्याचे हत्यार नवे नाही. अमेरिकेत त्याला किमान चार दशकांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा भोपाळशी जोडलेला आहे.

या पाठात आपण तो इतिहास तीन प्रश्नांच्या आधारे पाहू : (१) काय सांगायचे? (२) कोणाला सांगायचे? (३) सांगितलेले खरे आहे का, हे कोण तपासणार? पारदर्शकतेचा कोणताही कायदा समोर आला, तर हे तीन प्रश्न विचारावेत.

१. केंद्राऐवजी राज्ये का?

अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो थेट लोकांनी निवडलेला, राज्याचा खराखुरा कारभारी असतो; विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक तो फेटाळू शकतो. अमेरिकी राज्यघटनेच्या १७९१ मधील दहाव्या दुरुस्तीनुसार जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना नाकारलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. त्यामुळे लोकांचे आरोग्य, सुरक्षितता, ग्राहकांचे हित अशा विषयांत राज्ये स्वतः कायदे करतात. राज्य म्हणजे लोकशाहीची प्रयोगशाळा, हा विचार सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश लुई ब्रँडाइस यांनी १९३२ मधील एका भिन्नमताच्या निकालपत्रात मांडला. एका राज्याने धाडस करून पाहावे, उरलेल्या देशाने त्यातून शिकावे, असा त्याचा आशय.

कॅलिफोर्नियाने हे अनेकदा केले आहे. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसवर धुरकट हवेचे सावट पसरले. १९६६ मध्ये या राज्याने मोटारींच्या धुरासाठी देशातील पहिली मानके ठरवली. १९६७ च्या केंद्रीय कायद्याने अशा मानकांचा अधिकार केंद्राकडे घेतला, पण कॅलिफोर्नियाला खास सवलत ठेवली. मोटार उद्योगाला एवढ्या मोठ्या बाजारपेठेकडे पाठ फिरवणे परवडणारे नव्हते, म्हणून एका राज्याच्या नियमाचा परिणाम देशभर झाला.

भारतीय वाचकाला हा क्रम अनोळखी वाटू नये. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ मध्ये झाला, पण तमिळनाडू आणि गोव्याने १९९७ मध्येच आपापले कायदे केले होते.

२. भोपाळनंतरचा कायदा (१९८६)

आपल्या वस्तीशेजारच्या कारखान्यात कोणती रसायने आहेत हे जाणून घेण्याचा हक्क लोकांना असावा, अशी मागणी अमेरिकेतील कामगार संघटना १९७० च्या दशकापासून करत होत्या. न्यू जर्सी राज्याने १९८३ मध्ये तसा कायदा केला. देशपातळीवर मात्र हालचाल मंद होती.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली आणि हजारो लोकांचा बळी गेला. हेच रसायन बनवणारा याच कंपनीचा कारखाना अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील इन्स्टिट्यूट नावाच्या गावी होता. ऑगस्ट १९८५ मध्ये तिथेही दुसऱ्या एका रसायनाची गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. 'असे इथे घडणार नाही' हा युक्तिवाद त्या दिवशी संपला. ऑक्टोबर १९८६ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्यात आपत्कालीन नियोजनाची तरतूद होतीच. शिवाय कारखान्यांनी तीनशेहून अधिक विषारी रसायनांपैकी कोणते किती प्रमाणात हवेत, पाण्यात, जमिनीत सोडले, याची वार्षिक नोंद देणे बंधनकारक झाले.

हा कायदा प्रदूषण कमी करा असे सांगत नव्हता. तो फक्त आकडा सांगा, असे म्हणत होता. तरीही त्याचा परिणाम झाला. पहिल्या वर्षाचे आकडे तयार होत असतानाच, १९८८ मध्ये, मोन्सँटो कंपनीच्या प्रमुखांनी हवेतील विषारी उत्सर्जन १९९२ च्या अखेरीपर्यंत ९० टक्क्यांनी घटवण्याचे जाहीर केले. कोणत्याही न्यायालयाने त्यांना तसा आदेश दिला नव्हता. आपला आकडा उद्या वर्तमानपत्रात शेजारच्या कंपनीच्या आकड्यासोबत छापून येणार, एवढे पुरेसे ठरले.

आता आपले तीन प्रश्न लावून पाहा. काय सांगायचे? ठरलेल्या रसायनांचे वजन, ठरलेल्या एककात. कोणाला? सरकारला, आणि सरकारमार्फत सर्वांना; ही माहिती लोकांना संगणकावर पाहता यावी, असे कायद्यातच लिहिले होते. कोण तपासणार? हा दुवा कच्चा होता, कारण बरेच आकडे कंपन्यांचे स्वतःचे अंदाज होते. पण एकक समान आणि माहिती खुली असल्याने पत्रकार, नागरिक आणि गुंतवणूकदार तुलना करू शकत होते. तपासणीची उणीव तुलनेने काही अंशी भरून निघाली.

३. माहितीचोरीची कबुली (२००३)

एप्रिल २००२ मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्याच एका डेटा सेंटरमध्ये घुसखोरी झाली. सुमारे २ लाख ६५ हजार सरकारी कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती उघडी पडली. त्यांत विधिमंडळाचे सदस्यही होते. संबंधितांना हे कळायला कित्येक आठवडे लागले. स्वतः पोळलेल्या विधिमंडळाने त्याच वर्षी कायदा केला : नागरिकांची माहिती चोरीला गेली तर त्यांना तसे कळवलेच पाहिजे. १ जुलै २००३ पासून तो लागू झाला. अमेरिकेतला हा अशा प्रकारचा पहिला कायदा.

२००५ मध्ये त्याची ताकद दिसली. जॉर्जिया राज्यातील चॉइसपॉइंट या माहितीचा व्यापार करणाऱ्या कंपनीने भामट्यांना ग्राहक समजून लोकांची माहिती विकल्याचे उघड झाले. कायदा कॅलिफोर्नियापुरता होता, म्हणून कंपनीने सुरुवातीला त्या राज्यातील सुमारे ३५ हजार लोकांना पत्रे पाठवली. साहजिकच बाकीच्या राज्यांतून प्रश्न आला : आमचे काय? अखेर देशभरातील सुमारे १ लाख ४५ हजार लोकांना कळवावे लागले. त्यानंतर एकेक राज्य असा कायदा करू लागले आणि २०१८ मध्ये अलाबामा व साउथ डकोटा यांच्यानंतर पन्नासही राज्यांत तो झाला. या विषयावर सर्व क्षेत्रांना लागू होणारा केंद्रीय कायदा मात्र तेव्हाही नव्हता.

यातून दोन गोष्टी दिसतात. एका राज्याचा नियम सीमा ओलांडतो, हे एक. आणि राज्यांनी सुरू केलेले काम केंद्र पुढे नेईलच असे नाही, हे दुसरे.

४. कृत्रिम बुद्धिमत्तेचे सुरुवातीचे राज्य कायदे

या क्षेत्रातील पहिले कायदे छोटे आणि नेमके होते. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये बॉटविषयी कायदा केला : विक्रीसाठी किंवा मतदानावर प्रभाव पाडण्यासाठी बॉट वापरून समोर माणूसच आहे असे भासवता येणार नाही. इलिनॉयने २०१९ मध्ये नोकरीच्या व्हिडिओ मुलाखतींचे विश्लेषण यंत्राकडून होणार असेल तर उमेदवाराला आधी सांगून संमती घेण्याची अट घातली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि चर्चेचा विषयच बदलला. आता प्रश्न एखाद्या उपयोगाचा नव्हता, तर कोणत्याही कामाला जुंपता येणाऱ्या प्रचंड मॉडेलचा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी आदेश काढला : ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक गणनक्षमता वापरून मॉडेल घडवणाऱ्या कंपन्यांनी केंद्र सरकारला कळवावे. ही मर्यादा होती १० चा २६ वा घात, म्हणजे १ वर २६ शून्ये, इतक्या गणितक्रिया.

हा आकडा किती मोठा आहे? सेकंदाला १० चा १५ वा घात इतक्या क्रिया करणारी एक चिप घ्या. तिला हे काम पुरे करायला १० चा ११ वा घात इतके सेकंद लागतील, म्हणजे सुमारे ३,१७० वर्षे. अशा १०,००० चिप एकत्र आणि पूर्ण क्षमतेने चालल्या तर सुमारे ११६ दिवस. म्हणजे ही मर्यादा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला किंवा लहान स्टार्टअपला लागूच होत नाही. ती मूठभर धनाढ्य कंपन्यांसाठी आहे.

मे २०२४ मध्ये कोलोरॅडोने वेगळी वाट धरली. नोकरी, कर्ज, घर अशा निर्णयांत यंत्राकडून होणारा भेदभाव रोखणारा व्यापक कायदा तिथे झाला. उद्योगांच्या विरोधामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी ३० जून २०२६ पर्यंत पुढे ढकलण्यात आली.

५. पहिला प्रयत्न : सिनेट विधेयक १०४७ (२०२४)

वीनर यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये मांडलेल्या या विधेयकाची कक्षा अशी होती : १० चा २६ वा घात इतक्या क्रियांहून अधिक गणना आणि १० कोटी डॉलरहून अधिक प्रशिक्षणखर्च असलेली मॉडेले. अशा मॉडेलच्या विकासकाने सुरक्षा आराखडा करावा, मॉडेल पूर्णपणे बंद करण्याची सोय ठेवावी, २०२६ पासून दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी आणि मोठी हानी टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी, अशा अटी होत्या. मोठी हानी म्हणजे मोठी जीवितहानी किंवा किमान ५० कोटी डॉलरचे नुकसान. दंड प्रशिक्षणाच्या गणनखर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत, पुन्हा चूक झाल्यास ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकत होता.

विरोध आणि पाठिंबा यांच्या रेषा सरळ नव्हत्या. जेफ्री हिंटन आणि योशुआ बेंजिओ हे या शास्त्राचे दोन धुरीण विधेयकाच्या बाजूने होते; स्टॅनफर्डच्या फेई-फेई ली विरोधात. ओपनएआय, गूगल आणि मेटा यांनी विरोध केला, तर इलॉन मस्क यांनी पाठिंबा दिला. विरोधकांचे काही मुद्दे वजनदार होते. मॉडेल सर्वांसाठी खुले केल्यावर दुसऱ्याने त्याचा गैरवापर केला तर मूळ विकासकाला का पकडायचे? आणि पन्नास राज्यांनी पन्नास वेगळे कायदे केले तर काम कसे करायचे?

ऑगस्टच्या अखेरीस विधिमंडळाने विधेयक मंजूर केले. न्यूसम यांनी ते फेटाळताना कारण दिले : हे विधेयक मॉडेलचा आकार आणि खर्च पाहते, त्याचा वापर कुठे होतो ते पाहत नाही, लहान मॉडेलही धोकादायक ठरू शकते, आणि अशा कायद्याने लोकांना सुरक्षिततेचा खोटा दिलासा मिळेल. हा आक्षेप तर्काला धरून होता. पण त्याचा व्यावहारिक परिणाम असा, की मोठ्या मॉडेलवरही बंधन आले नाही आणि लहानांवरही नाही.

६. मधले वर्ष

व्हेटोनंतर न्यूसम यांनी एक अभ्यासगट नेमला. त्याचे नेतृत्व फेई-फेई ली, कार्नेगी एंडॉवमेंटचे अध्यक्ष मारियानो-फ्लोरेंटिनो कुएयार आणि बर्कलीच्या जेनिफर टूर चेस यांच्याकडे होते. विधेयकाच्या टीकाकार असलेल्या ली यांचा समावेश लक्षात घेण्यासारखा आहे. जून २०२५ मध्ये गटाचा अंतिम अहवाल आला.

इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी या अहवालाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याने जुन्या उद्योगांकडे पाहिले. तंबाखू कंपन्यांना धूम्रपानाचे दुष्परिणाम आतून ठाऊक होते, पण बाहेर त्या वेगळेच सांगत राहिल्या. इंधन उद्योगातही असेच घडले. धोक्याची माहिती ज्याच्याकडे असते, तोच ती दडवण्यात स्वार्थ असलेला पक्ष असतो, हा त्याचा धडा. म्हणून विश्वास ठेवा पण पडताळा करा, हे सूत्र अहवालाने मांडले आणि पारदर्शकता, त्रयस्थ तपासणी, घटनांची नोंद आणि जागल्यांचे संरक्षण यांवर भर दिला.

दरम्यान दिल्लीश्वर बदलावा तसे वॉशिंग्टन बदलले होते. २० जानेवारी २०२५ रोजी पदावर येताच ट्रम्प यांनी बायडेन यांचा आदेश रद्द केला. केंद्रातील नोंदणीची अट गेली आणि जागा रिकामी झाली.

७. दुसरा प्रयत्न : सिनेट विधेयक ५३ (२०२५)

१ जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या या कायद्याच्या प्रमुख तरतुदी अशा :

• कक्षा : १० चा २६ वा घात ही गणनेची मर्यादा कायम. सर्वांत कडक अटी वार्षिक महसूल ५० कोटी डॉलरहून अधिक असलेल्या विकासकांना.
• आराखडा : महाआपत्तीचा धोका कसा मोजणार आणि कसा कमी करणार, याचा आराखडा जाहीर करणे आणि तो पाळणे. महाआपत्ती म्हणजे एका घटनेत ५० हून अधिक लोकांचा मृत्यू वा गंभीर इजा, किंवा १ अब्ज डॉलरहून अधिक नुकसान.
• अहवाल : नवे मॉडेल बाजारात आणताना पारदर्शकता अहवाल प्रसिद्ध करणे.
• घटना : गंभीर सुरक्षा घटना १५ दिवसांत राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाला कळवणे, जिवाला तातडीचा धोका असल्यास २४ तासांत संबंधित यंत्रणेला सांगणे.
• जागल्यांचे संरक्षण : धोका वरिष्ठांना किंवा सरकारला सांगणाऱ्या ठरावीक कर्मचाऱ्यांवर सूड उगवता येणार नाही, मोठ्या कंपन्यांनी निनावी तक्रारीची सोय ठेवावी.
• दंड : प्रत्येक उल्लंघनाला १० लाख डॉलरपर्यंत, दावा राज्याचे ॲटर्नी जनरल लावतील.

आधीच्या विधेयकातले मॉडेल बंद करण्याच्या सोयीचे बंधन यात नाही. बाहेरच्या तज्ज्ञाकडून सक्तीची वार्षिक तपासणीही नाही.

८. तीन प्रश्नांची कसोटी

काय सांगायचे? आराखडा. पण तो प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने लिहिते. १९८६ च्या कायद्यात रसायनाचे वजन हे समान एकक होते; इथे धोक्याचे मान्यताप्राप्त एकक अजून घडलेलेच नाही. एका कंपनीचा 'मध्यम धोका' आणि दुसरीचा 'मध्यम धोका' एकच आहे का, हे वाचणाऱ्याला कळणे कठीण. कोणत्याही अभियांत्रिकी शाखेत मापनाचे एकक आधी येते, मर्यादा नंतर. इथे ते काम बाकी आहे.

कोणाला सांगायचे? आराखडा आणि मॉडेलचा अहवाल सर्वांना; मात्र व्यापारी गुपिते आणि सुरक्षेला बाधक मजकूर कारण नोंदवून झाकता येतो. घटनांचे अहवाल सरकारला मिळतात, पण राज्याच्या माहिती कायद्याखाली नागरिकाला ते मागता येत नाहीत. २०२७ पासून ओळख पुसलेला वार्षिक गोषवारा निघायचा आहे. मोन्सँटोला हलवणारी गोष्ट, म्हणजे नावासकट छापलेला आकडा, इथे नाही.

कोण तपासणार? हा इथेही कच्चा दुवा. धोक्याविषयी खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान करणे गुन्हा नसले तरी दंडपात्र आहे. म्हणजे एकदा छापलेला आराखडा कंपनीविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहू शकतो, ही मोठी जमेची बाजू. पण खोटे उघडकीला आणणार कोण? आत काम करणारा माणूस. जून २०२४ मध्ये ओपनएआय आणि गूगल डीपमाइंडच्या १३ आजी-माजी कर्मचाऱ्यांनी खुले पत्र लिहून धोक्याविषयी बोलण्याचा हक्क मागितला होता, त्याचे कारण हेच. गुप्ततेच्या करारांनी तोंड बांधलेले असेल तर पारदर्शकतेचा कायदा कागदावरच राहतो. नव्या कायद्याने हे तोंड मोकळे केले, पण सगळ्यांचे नाही. संरक्षण आहे ते मुख्यतः गंभीर घटनांच्या धोक्याचे मूल्यमापन किंवा व्यवस्थापन ज्यांच्या कामाचा भाग आहे, अशा कर्मचाऱ्यांना.

९. राज्ये विरुद्ध केंद्र

डिसेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकुल यांनी ॲलेक्स बोरेस आणि अँड्र्यू गुनार्डेस यांनी पुढे आणलेल्या कायद्यावर, काही बदल ठरवून घेऊन, सही केली. त्यात घटना कळवण्याची मुदत ७२ तासांची आहे. म्हणजे दुसऱ्या राज्याने पहिल्याची नक्कल केली नाही. चौकट तीच ठेवून मुदत आवळली.

केंद्रातून उलट दिशेने जोर लागला. राज्यांनी दहा वर्षे असे कायदे लागू करू नयेत अशी तरतूद मे २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहाने मोठ्या अर्थविधेयकात मंजूर केली. १ जुलै २०२५ रोजी सिनेटने ती ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकली. दोन्ही पक्ष इतके एकमुखी क्वचितच होतात. त्यानंतर ११ डिसेंबर २०२५ रोजी ट्रम्प यांनी आदेश काढून राज्यांच्या अशा कायद्यांना न्यायालयात आव्हान देण्यासाठी न्याय खात्यात कृतिगट स्थापण्यास सांगितले. केवळ आदेशाने राज्याचा कायदा रद्द होत नाही. त्यासाठी काँग्रेसचा कायदा किंवा न्यायालयाचा निकाल लागतो. पण राज्यांवर दबाव येतो, हेही खरे.

सारांश

पारदर्शकतेचा कायदा दुबळा असतो असे नाही. १९८६ आणि २००३ चे अनुभव सांगतात, की नुसती सांगण्याची सक्तीही उद्योगाला वळण लावू शकते. मात्र त्या दोन्ही वेळी सांगितलेली गोष्ट थेट लोकांपर्यंत पोहोचली : एकदा तुलना करता येणाऱ्या आकड्याच्या रूपात, एकदा घरी आलेल्या पत्राच्या रूपात. २०२५ च्या कायद्याने सांगण्याची सक्ती आणली. एकक, खुलेपणा आणि त्रयस्थ तपासणी हे तीन खांब उभे व्हायचे आहेत. ते उभे राहिले नाहीत तर न्यूसम यांनी २०२४ मध्ये ज्याचा इशारा दिला, तो सुरक्षिततेचा खोटा दिलासा याच कायद्यातून मिळू शकेल.

आणखी एक गोष्ट. या चाळीस वर्षांच्या कहाणीत आधी दुर्घटना किंवा चोरी घडली आणि मग कायदा वेगाने झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत ज्या आपत्तीची व्याख्या कायद्यात आहे, ती घडण्यापूर्वीच कायदा झाला आहे. तो कितपत पुरेसा आहे, हे पुढच्या काही वर्षांत या कंपन्यांत काम करणारे अभियंते ठरवतील. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण त्यांत असतील.

विचारासाठी प्रश्न

१. १९८६ चा रसायनांविषयीचा कायदा आणि २०२५ चा कॅलिफोर्नियाचा कायदा यांची तुलना तीन प्रश्नांच्या आधारे तक्त्यात मांडा.
२. गणनक्षमतेच्या आकड्यावर कायद्याची कक्षा ठरवण्याचे फायदे-तोटे लिहा. अल्गोरिदम सुधारून कमी गणनेत तितकेच सक्षम मॉडेल घडू लागले, तर ही मर्यादा काय कामाची राहील?
३. घटनांचे अहवाल गुप्त ठेवण्याच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे मांडा.
४. 'पन्नास राज्यांचे पन्नास कायदे' हा आक्षेप माहितीचोरीच्या कायद्यांच्या इतिहासावरून तपासा.
५. मॉडेलच्या धोक्यासाठी समान एकक ठरवायचे झाल्यास काय मोजाल? ते मोजमाप कंपनीबाहेरच्या व्यक्तीला पुन्हा करून पाहता येईल का?